वाकडं निराळं, बाकदार निराळं

— वाकडं? कोण म्हणलं वाकडं? तुझी आईच म्हणली, व्हय, आताच म्हणली की माझ्यासमोर — ‘रूपाबाई, पोरीचं सगळं बराबर हाय, नाक तेवढं जरासं वाकडं हाय, एका ठिकाणी त्यावरूनच मोडलं, म्हणून आधीच सांगून टाकते, मागून बोल नको’ — अन् गेली चुलीकडं शिरा हलवायला, अन् तू बसलीस पदर पार ओठापर्यंत ओढून. सोड तो पदर. सोड गं माय, मी काय वाघ हाय? मी हरिचंदची आत्या, वसमतच्या व्यंकटरावची धाकटी बहीण, कळमनुरीला दिलेली. तुला बघायला म्हणून मला एकटीला धाडलंय आमच्या लोकांनी, अन् बघायचं म्हणल्यावर नाक बघावं लागतं का न्हाई? हां. आता जरा उजेडाकडं तोंड कर. आणखी जरासं. बास. — अगं, हे कुठं वाकडं हाय? हे बाकदार हाय. वरून सरळ आलं, मधी जरा उंच झालं, अन् टोकाकडं येताना असं सावकाश झुकलं. असल्या नाकात नथ घातली की ती हालती राहते, बोलताना, हसताना, नुसतं बघताना बी. माझं बघ हे चपटं. नथ ओठावर लोळते, जेवताना एका हातानं उचलून धरावी लागते, लग्नाच्या पंगतीत मला कढी पिता येत न्हाई. अन् तू पदर ओढून बसलीस.

बोलू नको, बोलू नको. बोलायचं न्हाई म्हणून सांगितलं असंल तुला, ठाऊक हाय मला. बघायला आलेल्या बाईसमोर पोरीनं तोंड उघडलं की वाचाळ, न्हाई उघडलं की मुकी, अन् वाचाळीपरीस मुकी बरी म्हणतात लोक. मलाबी असंच बसवलं होतं पाटावर. सगळ्यांनी बजावलं होतं, रूपे, जीभ चाव पण बोलू नको. अन् मी बोललेच. काय बोलले इचार — न्हाई, तू कशी इचारणार — मी म्हणलं, ‘पाट हालून राहिला, खाली पाचर घाला.’ सासरा हसला, दीर हसले, माझा बाप तेवढा भिंतीकडं बघत बसला. तरी पसंत केलं गं मला. जागच्या जागी सुपारी फोडली. त्यांना घाई होती. काहून घाई होती ते मला नंतर कळलं, ते राहू दे, ती निराळी गोष्ट हाय, ती तुला सांगायची न्हाई.

मला सुई ओवून दाखव, केस सोडून दाखव, उंबऱ्यापर्यंत चालून दाखव, असलं काई मी म्हणणार न्हाई. वहिनीनं सगळं पढवून धाडलंय, पण तुझी बोटं बघितली अन् म्हणलं बास झालं. पिवळीधमक. हळद शिजवायचं चाललंय ना तुमचं? येताना शिवारात कढईचा धूर दिसला, वास तर पार नदीपासून. चार दिवस हळद मोडून मोडून जिच्या नखात पिवळं बसलंय तिला काय सुई ओवाय लावायची? वहिनीला सांगीन, ओवली. पयल्या झटक्यात ओवली.

मलाच काहून धाडलं ते ऐक, मजा हाय. आमच्याकडं नेम हाय, पोरगी पयल्यांदा बघायची ती घरातल्या सवाशिणीनं, अन् तिचं पयलं लेकरू मुलगा पायजे. आता वहिनीची पयली लेक, मोठी बहीण विधवा, काकूला लेकरूच न्हाई. राहिलं कोण? दादा कपाळाला हात लावून बसला. म्हणला, ‘एवढी माणसं घरात, अन् देवानं शेवटी रूपीवर आणून सोडलं.’ कारण माझं तोंड. माझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई म्हणतात, अन् खोटं न्हाई म्हणत. मी सांगायचं न्हाई ठरवलं की पोटात दुखतं मला. खरंच दुखतं. वैदू झाला, हकीम झाला, आमचे मालक म्हणाले, ‘हिला औषध देऊ नका, हिला शेजारीण द्या.’ — हां, हसलीस. दात बरे हायत तुझे. तेबी बघायचे होते.

तर काय सांगून राहिले होते मी? हां, वाकडं. पोरी, हे दोन शब्द एका पोत्यात घालायचे न्हाईत. वाकडं निराळं, बाकदार निराळं. तूच बघ ना — वाकडा पाय पडला म्हणतात, वाकड्या नजरंनं बघितलं म्हणतात, त्या दोघांचं वाकडं हाय म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. एक तरी चांगलं हाय का त्यात? अन् बाकदार तोंड केलं, असं ऐकलंस कधी? न्हाई. तोंड वाकडंच करतात. कुत्र्याचं शेपूट वाकडंच. पण बैलाच्या शिंगाला कुणी वाकडं म्हणलं तर मालक दांडकं घेऊन अंगावर येईल. शिंग बाकदार. भुवई बाकदार. इळीचं पातं बाकदार — सरळ असतं तर कांदा निसटला असता अन् बोट कापलं असतं. आमच्या कळमनुरीकडं कयाधू वळते ना, तिथं उभं राहून बघ एकदा, पाणी असं सावकाश अंग फिरवतं. तिला कुणी वाकडी नदी म्हणत न्हाई. म्हणून बघ तू स्वतः, मनातल्या मनात म्हण, बोलायचं न्हाई तुला — वाकडं. खालच्या ओठाला दात लागला का न्हाई? आता म्हण, बाकदार. आधी ओठ मिटतात, मग उघडतात. मुका घेतल्यावाणी — अगं माय, काय बोलून गेले मी. आईला सांगू नको.

आमच्याकडं मकबूलभाई हाय, औतं करतो, गाड्या करतो. तो बाकदारला खमदार म्हणतो. एकच. नांगराला लाकूड पायजे असलं की तो बाभळीच्या बनात दिवसभर हिंडतो, सरळसोट बाभळीला हातबी लावत न्हाई. म्हणतो, ‘बाई, सीधी लकडी हर कोई देता, खम अल्ला देता.’ म्हणजे सरळ कोणीबी देतं, बाक देव देतो. सरळ लाकडाचा नांगर भुईत शिरंलच कसा? नुसता वरून खरडत जाईल. म्हणून मी म्हणते, जिथं वळायला नको तिथं वळलं ते वाकडं, अन् जिथं वळायला पायजे नेमकं तिथंच वळलं ते बाकदार. हे माझं मीच काढलंय. आमच्या घरात हा शब्द लई चालतो. काहून चालतो ते बी सांगायचं न्हाई मला.

हरीचं सांगते. त्याच्याचसाठी आलेय, अन् बसलेय लाकडाचं सांगत. पोरगं सोन्यासारखं हाय, आत्या म्हणून सांगत न्हाई. रंग सावळा, उंची आपल्या या दारात वाकून यावं लागंल एवढी. सरकारी मदरशात चार इयत्ता उर्दू शिकला, सही अशी झोकात करतो का पटवारी पुन्हा पुन्हा बघतो. तंबाखू न्हाई, पत्ते न्हाई. ताशा मात्र वाजवतो, मोहरमात वाजवतो, पोळ्यात वाजवतो, कुणाचं बारसं असलं तर भांड्यावर वाजवतो. अन् बैल. त्याचे बैल कासऱ्यावर चालतच न्हाईत, आवाजावर वळतात. जीभ टाळूला लावून असा आवाज काढतो, डावा वळतो. दुसरा काढतो, उजवा वळतो. लोक म्हणतात काय शिकवलंय, काय शिकवलंय. शिकवावंच लागलं गं त्याला. कासरा ओढायला दोन्ही हात सारखे लागतात अन् त्याचा डावा — बरं, जाऊ दे. लाडू खातेस? ओटीतला हाय, तिळाचा. न्हाई? मी खाते.

काय? बघून काय राहिलीस अशी? मी काई बोलले न्हाई. मी म्हणलं डावा. डावा बैल.

हे बघ, मला भंडारा उचलायला लावलाय त्यांनी. खंडोबाचा. काल सांजंला दादानं वाटीच पुढं केली, वहिनी दाराशी उभी, म्हणला, ‘रूपे, उचल. अन् म्हण, हरीचा हात वाकडा हाय असं मी तिथं बोलणार न्हाई.’ मी उचलला. मी म्हणलं, हरीचा हात वाकडा हाय असं मी तिथं बोलणार न्हाई. अन् न्हाईच बोलले मी. बोलले का? तूच साक्ष हाय. — अगं बाई. अगं बाई गं. व्हय की, आता बोललेच की. पण ते शपथंतलं सांगितलं, ते काई माझं बोलणं न्हाई. ते दादाचं बोलणं. खंडोबाला एवढं कळतं. तो काय पटवारी हाय, अक्षर धरून बसायला?

आता सांडलंच हाय तर सगळंच ऐक, अर्धवट ऐकशील तर रात्री तुला दोन शिंगं अन् तीन पायाचा नवरा दिसंल. त्याचा हात वाकडा न्हाई. बाकदार हाय. डावा. कोपर चांगलं, बोटं चांगली, मूठ अशी आवळतो का सुपारी फुटंल. कोपर अन् मनगट यांच्या मधी हाड जरा बाहेरून वळसा घेऊन गेलंय. लहान होता, कडब्याच्या गंजीवरून पडला. हाडवैद्यानं बराबर बसवलं होतं, कामट्या लावून घट बांधलं होतं, त्या बिचाऱ्याचा काई दोष न्हाई. पण मोहरम आला. सवारी निघाली, ताशे वाजाय लागले, अन् ह्यानं गोठ्यात बसून दातानं सगळ्या पट्ट्या सोडल्या अन् गेला ताशा गळ्यात घालून. सवारीबरोबर सगळा गाव हिंडला. पोरगं परत आलं तेव्हा हात सुजून भोपळा, अन् तोंडावर हसू. मग बसलं ते हाड त्याला वाटलं तसं बसलं. आता म्हणशील, आत्याबाई, तुमीच म्हणल्या, जिथं वळायला पायजे तिथं वळलं तर बाकदार, अन् हात तर कोपरात वळायचा असतो, हा मधीच काहून वळला? म्हणशील ना? तुझ्या डोळ्यात दिसून राहिलं मला. तर मी म्हणते — मी काय म्हणते — मला न्हाई ठाऊक काय म्हणते. ताशा वाजवताना बघ त्याला, मग सांग मला कुठं वळायला पायजे होता.

दोन ठिकाणी मोडलं गं त्याचं. बघायला न येताच मोडलं. नुसतं ऐकून. एका ठिकाणी तर म्हणले, हात असा तर अक्कल कशी असंल. त्या दिवसापासून ते पोरगं घोंगडी पांघरायला लागलं. उन्हाळ्यात घोंगडी. अंगावर टाकली की डावा हात आत. जेवताना आत, देवळात आत, घरच्या माणसांसमोर आत. वहिनी म्हणते सवय झाली. सवय कसली? मला बघवत न्हाई. माझ्या अंगाखांद्यावर खेळलेलं लेकरू, त्याच हातानं माझी वेणी ओढायचा. म्हणून दादानं ठरवलं, आता सांगायचंच न्हाई. अंतरपाट खाली गेला की दिसंल तेव्हा दिसंल, तोवर अक्षता पडलेल्या असतात.

अंतरपाट. तू बघितलाय ना अंतरपाट? लोकाच्या लग्नात. पलीकडून कसा दिसतो ते तुला ठाऊक न्हाई. मला ठाऊक हाय. धोतराचा होता माझा, हळदीचं स्वस्तिक काढलेलं, त्याच्याकडं बघत उभी होते, ब्राह्मण मंगलाष्टका म्हणून राहिला, म्हणून राहिला, संपतच न्हाई, मला तहान लागलेली, अन् मी मनात म्हणून राहिले, आता दिसंल, आता दिसंल. नाक कसं असंल, डोळे कसे असतील. अन् पडला खाली. अन् समोर पागोटं. नुसतं पागोटं. तोंड दिसंना. मी खाली वाकून बघितलं तेव्हा तोंड दिसलं. पाठीला पोक होतं, पोरी. एवढं. मान पुढं आलेली, छातीकडं झुकलेली, वय बावीस अन् उभं राहायची तऱ्हा साठीची. म्हणून घाई होती त्यांना. म्हणून सासरा हसला होता माझ्या बोलण्याला, त्यांना मुकी, बोलकी, कशीबी चालली असती. मी रडले. असं रडले का वाजंत्री थांबली. बायका म्हणल्या, पोरीला माहेर सुटायचं दुःख. माझ्या मायला ठाऊक होतं दुःख कसलं ते, ती खांबामागं तोंड लपवून उभी होती. अन् ते — ते नुसते खाली बघत राहिले. त्यांना दुसरीकडं बघताच येत न्हाई, पण तेव्हा मला वाटलं लाजंनं बघून राहिले. नंतर कळलं, खरंच लाजंनंच बघत होते.

बोलले न्हाई मी त्यांच्याशी. मी. न बोलता. लोकांना खोटं वाटतं. जेवाय वाढायचं, ताट सरकवायचं, तोंड फिरवायचं. ते बी बोलले न्हाईत. एकदा तेवढं म्हणले, ‘मला वाटलं तुला सांगितलं असंल.’ एवढंच.

अन् मग पंचमीला माहेरी न्यायला दादाला यायला जमलं न्हाई, म्हणून हेच निघाले पोचवायला. पायी. कयाधूला पाणी होतं, मांडीएवढं, गढूळ. नाव न्हाई, माणूस न्हाई. मी काठावर उभी, नवं लुगडं. ते माझ्यासमोर पाठ करून उभे राहिले अन् म्हणले, ‘बस.’ आता काय करावं? बसले. अन् पोरी, काय सांगू तुला — बसले ती अशी बसले, जशी काई जागा माझ्याचसाठी करून ठेवली होती. सरळ पाठ असती तर मी घसरले असते, गळ्याला मिठी मारावी लागली असती, लोंबकळत गेले असते. हितं आपली निवांत. पाणी खाली चाललंय, वर मी. मधोमध आलो अन् मला हसू फुटलं. थांबंचना. ते घाबरले, म्हणले, ‘काय झालं, रडतेस का हसतेस?’ अन् मी म्हणलं — माझा नवऱ्याशी पयला शब्द — मी म्हणलं, ‘तुमची पाठ लई बाकदार हाय.’ ते थांबले. पाण्यात मधोमध. मग त्यांची पाठ हालाय लागली. मला वाटलं पाय घसरला. हसत होते गं. आवाज न करता हसत होते, अन् मी वर बसून हालत होते.

पलीकडं उतरले अन् — हे कुणालाच सांगितलेलं न्हाई, माझ्या सुनांना न्हाई, देवाला बी न्हाई — उतरले अन् म्हणलं, ‘अगं बाई, माझी पिशवी अलीकडंच राहिली.’ पिशवी माझ्या काखेत होती. लुगड्याखाली. त्यांना दिसली असंल. पुन्हा वाकून उभे राहिले. आमी पुन्हा अलीकडं आलो. अन् पुन्हा पलीकडं गेलो. माहेरी पोचायला दिवेलागण झाली. दादा म्हणला एवढा उशीर? मी म्हणलं, पाणी होतं.

थांब, डोळे पुसू दे. रडत न्हाई मी, हसले की मला पाणी येतं. आता तुला कळलं, आमच्या घरात हा शब्द काहून चालतो ते. नातवंडांना वाटतं लाडका शब्द हाय आजीचा. पण एक खरं सांगू? त्या नदीच्या आधीचे दिवस मला कुणी परत दिले न्हाईत. शब्द नंतर सापडला. आधी कुणी येऊन नुसतं सांगितलं असतं, बाई, असं असं हाय, तर मी रडलेबी असते अन् व्हय बी म्हणलं असतं. माझ्या हातानं व्हय म्हणलं असतं. त्यांना मांडवात तसं खाली बघावं लागलं न्हाई असतं. म्हणून. म्हणून सांडलं माझ्या तोंडातून. भंडारा उचलताना मला वाटलं होतं, या खेपंला धरीन तोंड बंद. न्हाई धरवलं. अन् हरीबी वाटंत एकच बोलला, म्हणला, ‘आत्या, मांडवात कुणी रडलेलं मला बघायचं न्हाई. तू न्हाई सांगितलंस तर मीच आत येऊन दाखवीन.’ मला घामच फुटला. म्हणलं, तू गाडीशी गप बस, मी बघते. बघते म्हणलं अन्—

काय?

काय म्हणलीस? मोठ्यानं बोल, आता काई कुणी वाचाळ म्हणत न्हाई, हितं माझ्याहून वाचाळ कोण हाय? — व्हय, वाटंत म्हणला. आज. आजच, याच वाटंत. — तू लई हुशार हाय गं. दोरा बराबर धरलास. व्हय. गाडी त्यानंच हाणली. गडी सगळे हळदीवर, दादा म्हणला कुणाला धाडू, पोरगं म्हणालं मी जातो, आत पाय ठेवणार न्हाई, गाडीवान म्हणून बाहेर बसतो. तुझी आई गडीच समजली त्याला. म्हणली, ‘गाडी निंबाखाली सोड रे, बैलांना कडबा तिथं हाय.’ अन् जावई कडबा घालाय गेला. मला हसू आवरंना, मी उंबऱ्याला ठेच लागली म्हणून खाली बसले.

काय म्हणलीस? बघायचंय? हात बघायचाय? — त्याला? — दोन्ही? पोरी, पोरीनं पोराला बघायचं, असं कुणी ऐकलंय का? बघायला मी आलेय का तू आलीस? आमच्या दादाला कळलं तर — तुझ्या आईला कळलं तर — अन् तुला नाकावरून मोडलं तेव्हा तुला इचारलं होतं का कुणी? न्हाई ना. बघ मग. ही खिडकी हाय, तो निंब हाय. हितून घोंगडीच दिसंल म्हणा, तो काई — कुठं निघालीस? अगं. अगं, तो तांब्या कशाला? हां. गाडीवानाला पाणी द्यायचं. द्यायलाच पायजे, लांबून आलाय. पण तू काहून, आई देईल की — शकू — पदर तरी घे डोक्यावर—

गेली.

बघ की, गेली बी. आता मी कुणाशी बोलू? अंगण ओलांडलं तिनं. तो उठून उभा राहिला. धडपडला जरा. ओढली घोंगडी, ओढली, मला ठाऊकच होतं. अन् एकटा उजवा हात पुढं. तांब्या दे म्हणतो. न्हाई दिला. उचलून वर धरला तिनं, ओतायला. आता काय करशील? आता ओंजळ धरावी लागंल, लेकरा. एका हाताची ओंजळ होत न्हाई. माझ्याकडं काय बघतोस खिडकीत? मी न्हाई काई सांगणार तुला. तिच्याकडं बघ—

टाकली. टाकली घोंगडी.

द्वारकाबाई, या, हळू या. शिरा तिथंच ठेवा. तुमची पोरगी? हाय, बाहेर हाय. पाणी पाजून राहिली गाडीवानाला. न्हाई, हाक मारू नका. त्याची ओंजळ डाव्या अंगानं गळते, बघा, सगळं पाणी पायावर गेलं. अन् ती — ती फिरून त्या अंगाला आली. तांब्या खाली घेतला, पार ओंजळीला टेकवला, अन् बारीक धार सोडून राहिली. आता न्हाई गळत. — कोण हाय म्हणजे? सांगीन की, सगळं सांगीन, रात्र पुरणार न्हाई एवढं सांगीन. आत्ता न्हाई. आत्ता मला काई बोलायचं न्हाई.